उपजत समजूतदारपणाचं थोतांड

"मुली मुळातच समजूतदार असतात हो, मुलांना कुठं काही कळतं!" हे वाक्य आपल्याकडे इतक्या कौतुकानं बोललं जातं, की त्याला हरकत घेणारा माणूस कुजकट ठरतो. तरी हरकत घेतलीच पाहिजे. या कौतुकाच्या आड एक सबंध सिद्धांत दडलेला आहे. सोशीकपणा, दुसऱ्याचं आधी बघणं, घर आवरणं हे म्हणे मुलीच्या प्रकृतीतच असतं; आणि निवांत बसणं, हुकूम सोडणं, भरल्या ताटावरून तसंच उठून जाणं हे मुलाच्या. प्रकृतीच म्हटली की कुणाचा दोष उरत नाही आणि कुणी बदलायचं कारणही उरत नाही. हा सिद्धांत खोटा आहे आणि घातकही आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या जोरानिशी मांडू. चार वर्षांची पोर आपणहून बाहुलीला भरवते, आजीला पाण्याचं भांडं नेऊन देते. तिला हे कुणी शिकवलं? तिचाच भाऊ त्याच घरात, त्याच आईच्या हाताखाली वाढतो आणि त्याला हे सुचत नाही. घर एक, आईबाप एक, मग फरक आला कुठून? आईच्या पोटातूनच आला असणार.

युक्तिवाद दिसायला बिनतोड आहे. पण शिकवणं म्हणजे समोर बसवून सांगणं, असं त्यात गृहीत धरलं आहे. माणूस सगळ्यात पक्कं शिकतो ते कुणीही सांगायला न बसता. आणि घर एक असलं, तरी त्या घरानं दोघांना दिलेली जागा एक नसते.

गौरीजेवणाची पंगत डोळ्यांसमोर आणा. पहिली पंगत पुरुषांची आणि मुलांची. सात वर्षांचा मुलगा बापाशेजारी पाटावर बसलेला. त्याच्याहून वर्षा-दीड वर्षानं मोठ्या बहिणीच्या हातात मिठाची वाटी दिलेली, कारण मीठ वाढायला सोपं, सांडलं तरी फार बिघडत नाही. ती वाकून एकेका पानावर चिमूट ठेवत पुढं सरकते. "बघा, किती गुणाची पोर!" कुणी आत्या म्हणते आणि पोरीचा चेहरा फुलतो. जेवण झाल्यावर भाऊ आपलं ताट उचलायला वाकतो. त्याला ते सुचलेलं आहे, हे लक्षात घ्या. पण तेवढ्यात आजी म्हणते, "राहू दे रे राजा, ताई नेईल." बस्स. तासाभरात दोघांचे दोन धडे झाले. शाबासकी हवी तर वाढत राहायचं, हे तिला कळलं. उष्ट्याला हात लावणं आपलं काम नव्हे, हे त्याला. आजीच्या मनात ना पक्षपात होता ना दुष्टावा, तिनं माया केली. हाच धडा मग रोजच्या जेवणात, पाहुणे आले की, आई आजारी पडली की, वर्षानुवर्षं गिरवला जातो. आणि पंधराव्या वर्षी आपण दोघांकडे बोट दाखवून म्हणतो, निसर्गच वेगळा!

स्वभाव उपजत असतो, हे मला मान्य आहे. एक मूल जन्मतः शांत असतं, दुसरं रडवं, तिसरं धीट. पण पाटावर कुणी बसायचं आणि मीठ कुणी वाढायचं, हे कुठल्याही बाळाच्या कुंडलीत लिहिलेलं नसतं.

संस्काराची गोष्ट निघाली, की आपल्याकडे 'श्यामची आई'चा दाखला हटकून दिला जातो. जरूर द्यावा, पण त्यातली पहिलीच कथा नीट वाचून. आजारी आई वटसावित्रीच्या वडाला घालायच्या उरलेल्या प्रदक्षिणा श्यामला घालायला सांगते, आणि श्याम लाजतो. बायकांचं काम केलं तर मुलं हसतील, ही त्याची अडचण. ही लाज त्याच्या आईनं त्याला दिलेली नव्हती. ती गावानं दिली, सवंगड्यांनी दिली, आणि कोवळ्या वयात इतकी मुरवली की आईवर जीव असलेलं पोरही तिच्यापुढं अडखळलं. आई नुसतं समजावून थांबत नाही. त्याला वडाकडे पाठवते.

या टप्प्यावर पूर्वपक्ष आपली जागा बदलतो. "बरं, कामांची वाटणी शिकवलेली असेल. पण मनाची ओढ, मनाची किळस, ती तर शिकवता येत नाही ना? अंगावर काटा येतो तो काय ठरवून येतो?" हा मुद्दा खरोखर वजनदार आहे, आणि त्याचं उत्तर लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्यात आहे. 1868 साली नाशिकजवळच्या जलालपुरात जन्मलेली ही मुलगी ज्या घरात वाढली, त्या घरात सोवळ्यानं वेडाची पातळी गाठली होती. 1857च्या धामधुमीनंतर तिच्या आजोबांना फाशी झाली, त्याचा धसका तिच्या वडिलांनी घेतला आणि त्यांचं सोवळं कडेलोटाला गेलं. बाजारातून आलेलं धान्यसुद्धा धुतल्याशिवाय घरात घ्यायचं नाही. अशा घरात विटाळाची भीती डोक्यात नव्हे, हातापायांत, गळ्यात, पोटात भिनते. 1895 साली त्यांचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. पुढं काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, तरी सुरुवातीला आपलं पाणी आणि आपली चूल वेगळीच राखत होत्या. त्यात ढोंग काहीच नव्हतं. घोट घशाखाली उतरत नव्हता, हे सत्य होतं.

आणि तरीही ते बदललं. जात देवानं केली की माणसानं, याचा विचार त्यांनी स्वतःशी केला. माणसानं केली, या निष्कर्षाला आल्यावर कुणाच्याही हातचं घ्यायचं ठरवलं आणि घेतलं. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा. सोवळं त्याआधीच सुटत गेलं होतं. पुढं दुष्काळातली अनाथ पोरं त्यांच्याच घरात वाढली. ज्या देहाला परक्या पाण्याची शिसारी येत होती, त्याच देहानं ती मुलं सांभाळली. शिसारी रक्तातली असती, तर ती जन्मभर सुटली नसती. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र मला ज्या अनेक कारणांसाठी मोठं वाटतं, त्यातलं हे एक. घट्ट भिनलेली गोष्ट आतून कशी सैल होते, हे तिथं एक बाई स्वतःच्या तोंडानं सांगते.

हे सगळं शिकवण्यातूनच येत असेल, तर मग शाळेनं काय करावं? 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा मिळून भाजी निवडत असल्याचं चित्र छापलं. त्याची टवाळी करणारे होते. मी त्या चित्राच्या बाजूनं आहे. मात्र पुस्तकातले बाबा भाजी निवडतात आणि घरातले बाबा पेपरातून डोकं वर काढत नाहीत, तेव्हा मूल दोन्ही वाचतं आणि घरातलं खरं मानतं.

शेवटचा आक्षेप सगळ्यात जुना आहे. असं सगळं तपासायला लागलो तर संस्कृती बुडेल. मला विचारायचं आहे, ती चालते कुणाच्या हातांनी? पती वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला कोण पुढं होतं? बहुतेक वेळा वयानं मोठ्या बायका, आणि त्यांतल्या कित्येकींवर तोच प्रसंग येऊन गेलेला असतो. ज्यांनी सोसलं, त्याच शिकवतात, कारण दुःखाच्या घडीला काय करायचं असतं, ते त्यांना तेवढंच दाखवलेलं असतं. त्यांना क्रूर म्हणणं अन्याय होईल. पण हात थांबले की रूढी थांबते, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. 1890 साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनं मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायचं नाकारलं. वस्तरा ज्यांच्या हातात, त्यांनीच तो खाली ठेवला.

मे 2022मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. ही संस्कृती बुडवणारी माणसं नव्हेत. सण, यात्रा, लग्नकार्य सगळं करणाऱ्या गावानं आपल्याच पद्धतीतली एक गोष्ट नको म्हणून सांगितलं. ठरावानं रातोरात मनं बदलत नाहीत, हे त्या गावालाही ठाऊक असणार. पण जी सून, जी नणंद आजवर मनातून नको म्हणत होती, तिच्या पाठीशी आता गाव उभं आहे. चारचौघांची भीती हाच ज्या रूढीचा आधार, तिच्याविरुद्ध चारचौघांनीच उघड बोलावं लागतं. म्हणून हे ठराव ग्रामपंचायतीच्या दप्तरात पडून राहता कामा नयेत. ते ग्रामसभेत बायकांसमोर मोठ्यानं वाचले जावेत. आणि मयताच्या घरी "बांगड्या राहू द्या" हे पहिलं वाक्य घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईनं उच्चारावं. तिनं म्हटलं तर दुसऱ्या कुणाची आडवं येण्याची छाती होणार नाही. धाकटीनं म्हटलं तर तिलाच आगाऊ ठरवतील.