चोरदिंडीची कैफियत

भिंत उंच केली की घर सुरक्षित झाले, हा आजच्या मध्यमवर्गाचा सर्वांत लाडका आणि सर्वांत घातक समज आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. फराळाच्या ताटात हे कारले मी मुद्दाम वाढीत आहे. वाचकांनी राग मानू नये. मानलाच तर निदान शेवटपर्यंत वाचून मग मानावा.

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या यंदाच्या वार्षिक सभेत एक ठराव दणदणीत बहुमताने संमत झाला. इमारतीचा मागचा दरवाजा कायमचा बंद करावा, गच्चीला कुलूप घालावे आणि उरल्यासुरल्या खिडक्यांनाही लोखंडी जाळ्या ठोकाव्यात. विरोधात हात माझा एकट्याचा. "मास्तर, तुम्ही कादंबऱ्या लिहा, बंदोबस्ताचे आम्ही बघतो," असे चिटणीस म्हणाले आणि सभा चहाकडे वळली. जाता जाता एका उत्साही सभासदाने "आता आपली इमारत म्हणजे अगदी रायगड!" असे उद्गार काढले. माझी लेखणी उचलली गेली ती या वाक्यामुळे. कारण रायगड कशाने रायगड झाला हे त्या गृहस्थांना ठाऊक असते, तर त्यांचा हात खालीच राहिला असता.

रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा दडवलेला आहे की, अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. वाट वळण घेऊन येते, त्यामुळे हत्तीला धावत येऊन धडक देता येत नाही. आणि त्या वळणावर शत्रू दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात सापडतो. इथपर्यंत आमचे सभासद माना डोलावतील. पण याच गडाला पूर्वेच्या बाजूला वाघ दरवाजा आहे. तिथून वर येणे जवळजवळ अशक्य; मात्र दोर लावून खाली उतरता येते. १६८९ मध्ये झुल्फिकारखानाचा वेढा पडला असता राजाराम महाराज याच वाटेने निसटले, असे सांगतात. पुढे ते जिंजीला पोचले. गड त्याच वर्षी मोगलांच्या हाती गेला, पण राज्य जगले! १६६० च्या जुलैत पन्हाळ्याच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निघाले तेही राजदिंडीने. त्या पावसाळी रात्री पन्हाळ्याला एकच दरवाजा असता आणि त्याची किल्ली चिटणिसांच्या खिशात असती, तर आज आपण कोणाच्या नावाने जयजयकार केला असता?

हा योगायोग नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांचे १७१५ च्या सुमाराचे 'आज्ञापत्र' उघडून पाहा. गडाला एकच दरवाजा असणे हा त्यांनी मोठा दोष मानला आहे. जास्त दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवायला सांगितल्या आहेत. पाण्याची सोय आधी पाहावी, दारूचे कोठार वस्तीपासून दूर ठेवावे, हेही त्यांनी बजावले आहे. म्हणजे शत्रू आत कसा येईल याची जितकी चिंता, तितकीच आपली माणसे बाहेर कशी पडतील याचीही. आम्ही मात्र अर्धाच धडा पाठ केला आणि परीक्षेला बसलो.

या परीक्षेत नापास होणे म्हणजे काय, हे मला मास्तर म्हणून सांगितलेच पाहिजे. २४ मे २०१९ रोजी सुरतेत एका व्यापारी इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणी चालू होती. खाली उतरायची वाट आगीने गिळली आणि पोरांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. २२ जीव गेले. त्याआधी १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे गेली, ती बहुतेक धुराने गुदमरून. बाल्कनीतून बाहेर पडण्याची एक वाट जादा खुर्च्यांसाठी अडवलेली होती. या दोन्ही ठिकाणी कोणी शत्रू चालून आला नव्हता. माणसांना मारले ते न सापडलेल्या दाराने.

"पण मास्तर, चोऱ्या होतात त्याचे काय?" असा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. एकट्या म्हाताऱ्या माणसांनी खिडकीला जाळी लावावी, यात मला वावगे दिसत नाही. माझे म्हणणे इतकेच की, जाळीला आतून उघडणारी एक चौकट ठेवा आणि तिची किल्ली घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असू द्या. मागच्या दाराला आतून हाताने उघडेल आणि बाहेरून उघडणार नाही अशी कडी बसवा; तशा कड्या बाजारात मिळतात. चोर नेतो ते दागिने पुन्हा घडवता येतात.

आणि पहाऱ्याचे काय? ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजीचे मावळे कोंढाण्यावर चढले, ते कोणी चढणार नाही अशी ज्याची खात्री होती त्या कड्यावरून. कड्याने दगा दिला नाही; त्याच्यावर विसंबलेल्या पहाऱ्याने दिला. म्हणून आपल्या गडांच्या घेऱ्यात रामोशी, कोळी, महार वस्ती करून राहत, जंगल आणि वाटा राखत. त्यांना जमिनी नेमून दिलेल्या असत. गड राखणे म्हणजे त्यांचे घर राखणे होते. आमचा पहारेकरी बारा-बारा तास मोडक्या खुर्चीवर बसतो. त्याचे नाव निम्म्या बिऱ्हाडांना ठाऊक नाही, त्याला प्यायला पाणी कोण देते हे कोणी विचारीत नाही. आणि त्याने मात्र आमच्यासाठी जीव धोक्यात घालावा!

देवगिरीची गोष्ट आपण शाळेत शिकवतो. १२९६ मध्ये अल्लाउद्दीनाचा वेढा पडला तेव्हा धान्याच्या समजून गडावर नेलेल्या गोण्या मिठाच्या निघाल्या, असे सांगतात. आमच्या जिन्यातला आग विझवण्याचा तांबडा नळकांडाही मिठाचीच गोणी आहे. त्यावरची मुदत केव्हाच उलटली आहे. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. ज्या इमारतींना तो लागू आहे, तिथली साधने चालू आहेत असा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. आपल्या संस्थेने तो दिला काय, हे किती सभासदांनी विचारले आहे?

जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. पेढे वाटले, ते योग्यच झाले. पण वारसा म्हणजे दगड नव्हेत. ते दगड तसे का रचले, ही अक्कल म्हणजे वारसा. अंगणात पोरे मातीचा किल्ला करीत असतील, हळीव पेरून हिरवळ उगवीत असतील. त्यांना चोरदिंडी ठेवायला सांगा. आणि उंबऱ्यावर पणती लावून झाली की घरातल्या सगळ्यांना घेऊन मागच्या जिन्याने एकदा खाली उतरून पाहा. वाटेत कुलूप लागले, तर ते दिवाळी संपायच्या आत निघाले पाहिजे.