सूर्य पेलणारी भिंत

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयी जागतिक परिषद भरली होती. तिच्या अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनी भाकीत केले की, अणुसंमीलनाची शक्ती काबूत आणण्याचा मार्ग वीस वर्षांत मानवास सापडेल. त्या गोष्टीला आज सत्तर वर्षे उलटली. डॉ. भाभांचे द्रष्टेपण यामुळे उणे ठरत नाही. वाटेत जी विघ्ने उभी राहिली, त्यांतील एका मोठ्या विघ्नाकडे मात्र लोकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ते विघ्न म्हणजे भट्टीची आतली भिंत होय.

ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची दोन रूपे एकमेकांत मिळवायची, तर सुमारे पंधरा कोटी अंशांचे तापमान लागते. एवढा तप्त प्लाझ्मा कोणत्याही पात्रात ठेवता येत नाही. म्हणून त्यास चुंबकांच्या बळावर अधांतरी धरावे लागते. परंतु कडेचे कण निसटतात आणि भिंतीवर आदळतात. फ्रान्समध्ये कादाराश येथे सात भागीदार मिळून ‘इटर’ ही प्रचंड भट्टी उभारीत आहेत. तिच्या तळाशी, जेथे हा मारा एकवटतो, तेथे दर चौरस मीटरला एक कोटी वॉट, आणि प्रसंगी त्याच्या दुप्पट, उष्णता सोसावी लागेल.

कोल्हापूरकरांस हे कोडे अगदीच परके वाटू नये. उद्यमनगरातील वा शिरोलीतील कोणत्याही जाणत्या मिस्त्रीस विचारा. लोखंडाच्या रसाइतकीच त्यास भट्टीच्या अस्तराची चिंता असते. अस्तर झिजले की त्याचा अंश रसात उतरतो आणि माल बिघडतो. अणुसंमीलनाच्या भट्टीत हाच न्याय शतपटीने कठोर आहे.

प्रारंभी ग्रॅफाइट वापरून पाहिले. ते वितळत नाही, पण दुर्मीळ ट्रिटियम स्वतःत अडकवून ठेवते. बेरिलियम हलके खरे, परंतु ते विषारी असून १,२८७ अंशांस वितळते. ‘इटर’च्या भिंतीसाठी योजिलेले बेरिलियम दूर सारून टंगस्टन घेण्याचे २०२३ साली पुढे आले, ते अशा अनुभवांतूनच. टंगस्टन ३,४२२ अंशांपर्यंत टिकते. मात्र त्याचे थोडेसे जड अणू प्लाझ्मात शिरले तरी ते उष्णता बाहेर फेकून त्यास थंड करतात. हेलियमच्या माऱ्याने त्याच्या पृष्ठावर बुडबुडे व लव उठते. वेगवान न्यूट्रॉन अणूंची घडी विसकटून त्यास ठिसूळ करतात. तथापि निराशेचे कारण नाही. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी कादाराश येथीलच ‘वेस्ट’ या टंगस्टनच्या भिंतींच्या यंत्राने १,३३७ सेकंद प्लाझ्मा टिकवून धरला.

यात आपला वाटा कोणता? ‘इटर’चे ३,८५० टनांचे बाह्यपात्र भारताने घडवून दिले. त्याचे भाग गुजरातेत हाजिरा येथे तयार झाले. ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु त्या भट्टीच्या आतल्या भिंतीचे व तळाचे काम युरोप, रशिया, चीन व जपान यांच्याकडे आहे. उद्या आपली स्वतःची भट्टी उभारायची, तर ही विद्या उसनी मिळणार नाही. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेत टंगस्टनचे ठोकळे उष्णतेच्या माऱ्याखाली तपासले जातात. ते काम एका संस्थेपुरते राहू नये, असे आम्हांस वाटते.

टंगस्टन आमच्या भट्ट्यांत ओतता येत नाही. त्याची भुकटी दाबून व तापवून ते घडवावे लागते, हे आम्ही जाणतो. तेव्हा पोकळ स्थानाभिमान आम्हांस नको. पण १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात पदार्थांच्या पातळ थरांवर दीर्घकाळ संशोधन चालले आहे, आणि शहराभोवती धातूची नाडी ओळखणारे हजारो हात आहेत. या दोहोंची गाठ कोणी घालून देत नाही, हे आमचे दुखणे आहे. धातूंची परीक्षा वर्षानुवर्षे चालते. तिला दरसालच्या मंजुरीची टांगती तलवार मानवत नाही. सरकारने अशा संशोधनास दीर्घ मुदतीचा व अखंड निधी द्यावा, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील विद्यापीठांस व कारखान्यांस त्यात स्थान द्यावे.

सूर्य भूमीवर आणण्याच्या गोष्टी करणारे पुष्कळ आहेत. तो जिच्यामागे कोंडावयाचा, ती भिंत घडविणाऱ्यांचा मान त्यांच्याहून कमी समजू नये.