थडीवरची वाट नांगरू नका



सध्या पोरांच्या मोबाईलवर समुद्राच्या कड्यावरून चालणाऱ्या लोकांचे व्हिडिओ फिरतात. खाली निळं पाणी, बाजूला शेतं, मधून पायवाट. आता आदिलाबादला समुद्र कुठून आणायचा? पण पैनगंगेच्या दरडीवरून दिवाळीनंतर एकदा चालून बघा. एका अंगाला फुटलेली पऱ्हाटी, दुसऱ्या अंगाला खाली नदी, आणि पलीकडं यवतमाळ जिल्हा. आपली मजा त्याहून कमी नाही.

त्यातला एक व्हिडिओ पोर्तुगालचा आहे. तिथं अटलांटिक महासागराच्या काठावरच्या एका वाटेचं नावच ‘मच्छीमारांची वाट’ आहे. गावचे लोक गळ टाकायला ज्या वाटांनी कड्यावरून जात, त्याच वाटा जोडून ती केली. २०१२ पासून तिथं बाहेरचे लोक चालायला येतात. म्हणजे वाट आधी मासे धरणाऱ्याची, पाहुणा मागून आला.

आपली थडीवरची वाटही अशीच पडली आहे. खांद्यावर जाळं आणि डोक्यावर टोपलं घेऊन ये-जा करणाऱ्यांच्या पायांनी. सातबारा म्हणा की पहाणी, कुठल्याच कागदावर ती नाही, म्हणून दरवर्षी एकेक तास नांगराखाली जाते. काही ठिकाणी आता वाट उरलीच नाही. एका बाजूला काट्यांचं कुंपण, दुसऱ्या बाजूला सरळ दरड. पहाटे अंधारात तिथून मासळीचं टोपलं घेऊन बाई कशी जाणार?

पूर्वी उन्हाळ्यात खाली पात्रातल्या वाळूवरून जाता येई. पण २०१६ मध्ये दोन्ही राज्यांचा करार झालेल्या चनाका-कोरटा बॅरेजात पाणी अडलं, की वरच्या अंगाची वाळू पाण्याखाली जाणार. पाणी साठलं तर मासळी वाढेल, त्याला आमची ना नाही. पण मग चालायला वरचीच वाट.

शेतकऱ्याची बाजू आम्हाला कळते. आमच्यातल्या कितीतरी घरांची वावरं आहेतच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पुराचं पाणी त्यात शिरतं आणि पाणी ओसरताना दरडीची दरड खाली येते. जुलै २०२२ चा पूर कोणी विसरलं नसेल. दरवर्षी जमीन नदीत जाते, त्यात वाटेला कुठून सोडायची, हा प्रश्न खराच. पण काठापर्यंत नांगरलं, निरगुडी आणि गवत उपटलं, तर माती धरून ठेवायला उरतं काय? चार हात पड सोडली तर वाटही राहते आणि वावरही थोडं जास्त दिवस टिकतं.

आणि दरड कोसळली की वाट त्या मानानं आत सरकली पाहिजे. इंग्लंडमध्ये २००९ च्या कायद्यानं समुद्रकाठची वाट आखली, तेव्हा कडा ढासळला तर वाट मागे घ्यायची सोय त्यातच ठेवली. आपल्याकडं कायद्याची वाट बघत बसलो तर थडी राहणार नाही. गावात बसून बोलू. (सिमेंटचे ओटे आणि सेल्फी पॉइंट मात्र कोणी मागू नका.)

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. नदीत कोणी बुडालं की पोलिसांच्या आधी भोयालाच हाक येते. रात्री-बेरात्री डोंगा आणि दोर घेऊन आम्ही त्याच वाटेनं उतरतो. तेव्हा कोणी विचारत नाही, वाट कोणाच्या वावरातून जाते म्हणून.

मृग लागायच्या आत, पेरणीआधी, संस्थेची माणसं काठच्या प्रत्येक वावरवाल्याकडं जाणार आहेत. वाट ठरली की काटे आम्ही तोडू, पायऱ्या आम्ही खोदू, मजुरी मागणार नाही. सभासदांनी घरटी एक माणूस आणि एक विळा तयार ठेवावा.