नावानिशी मत

शाळेत सात वर्षांच्या मुलाला हजेरीच्या वेळी आपल्या नावाला आपणच 'हजर' म्हणावे लागते. शेजाऱ्याने म्हटलेले चालत नाही. तीच मुले मोठी होऊन सभासद, विश्वस्त, आमदार झाली म्हणजे मात्र त्यांस घोळक्यात 'मंजूर, मंजूर' असे ओरडण्याची मुभा मिळते. कोण ओरडले, हे कोणी लिहून ठेवीत नाही. ह्या मुभेविरुद्ध आमची तक्रार आहे.

१२ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबईस विधानसभेत फडणवीस मंत्रिमंडळावरील विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. अध्यक्ष होते हरिभाऊ बागडे. त्यांचा फुलंब्री मतदारसंघ जालना लोकसभा क्षेत्रातच मोडतो, तेव्हा हा विषय आम्हां जालनेकरांस अगदीच परका नव्हे. विरोधकांनी मतविभागणी मागितली; ती मिळाली नाही. सरकारच्या बाजूस बहुमत असेलही, आमचा वाद त्याविषयी नाही. ते किती होते, हे आता कोणतेही दप्तर उघडले तरी सापडावयाचे नाही, ही आमची तक्रार. त्याच सभागृहात ४ जुलै २०२२ रोजी शिरगणती झाली, सदस्यांनी उभे राहून आपापले नाव उच्चारले. शिंदे सरकारच्या बाजूने १६४, विरुद्ध ९९. त्या सरकारविषयी वाचकाचे मत काहीही असो, आपला आमदार कोणीकडे उभा राहिला हे त्यास नेमके सांगता येते.

कोणी म्हणेल, उघड मताने सदसद्विवेकावर दडपण येते. मतदाराच्या बाबतीत हे खरे; त्याचे मत त्याचे स्वतःचे असते. प्रतिनिधीपाशी असते ती दुसऱ्याची ठेव. तिचे काय केले, हे ठेवीदाराने विचारू नये काय? पक्षादेशाचा चाबूक उघड मतालाच अधिक लागतो, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्यास आमच्यापाशी पुरते उत्तर नाही. तरीही चाबूक कोणाच्या पाठीवर बसला, हे निदान दिसते तरी.

पण मुंबईस दोष देणे फार सोपे. येथे नवीन जालन्यातील एका संस्थेच्या वार्षिक सभेत (नाव सांगण्याचे कारण नाही) वाचनाच्या दोन दर्शनी खोल्या दुकानांस भाड्याने देण्याचा ठराव आला. सूचक उठले, अनुमोदक उठले, मागच्या रांगेतून 'मंजूर' असा घोष झाला आणि चहा आला. ठराव आम्हांस मुळीच पसंत नव्हता. आम्ही गप्प बसलो. पुढे इतिवृत्तात वाचले, 'सर्वानुमते मंजूर'. त्या 'सर्वां'त आम्हीही आहोत! आमचे नाव कोणी पुकारले असते, तर 'नाही' म्हणण्याचा धीर झाला असता की नाही, हे सांगवत नाही. परंतु निदान लाज तरी वाटली असती.

येत्या सभेत प्रत्येक ठरावावर नावे पुकारून मत घ्यावे, अशी लेखी सूचना आम्ही दिली आहे. चाळीस नावे पुकारण्यात अर्धा तास मोडेल, असे चिटणीस म्हणतात. आमच्या हिशेबाने दहा मिनिटे पुरतात. अर्धा तास तर चहालाच जातो.