पोलाद वितळावे लागत नाही

सप्टेंबर उजाडला की आपल्याच गटांमध्ये एक जुना व्हिडिओ फिरू लागतो. विमानाच्या इंधनाने पोलाद वितळत नाही, म्हणजे न्यूयॉर्कचे जुळे मनोरे अमेरिकेनेच सुरुंग लावून पाडले, असा त्याचा दावा. अमेरिकी सत्तेवर आमचाही भरवसा नाही. इराकवर युद्ध लादताना सांगितलेली संहारक शस्त्रे कुठेच सापडली नाहीत. पण सत्ता खोटे बोलली म्हणून गुरुत्वाकर्षण बदलत नाही.

पोलाद साधारण १५०० अंशांना वितळते, हे खरे. पण ६०० अंशांच्या आसपासच त्याची निम्मी ताकद जाते. लोहार तरी कुठे लोखंड वितळवतो? लाल करतो आणि वाकवतो. विमानांनी काही खांब तोडले, पोलादावरचे अग्निरोधक आवरण उडाले. तापलेल्या मजल्यांना झोळ आला, त्यांनी बाहेरचे खांब आत ओढले, खांब वाकले आणि वरचा सगळा भाग खाली आला. बिगारी ५० किलोचे पोते डोक्यावर घेऊन जिने चढतो. तेच पोते एका मजल्यावरून त्याच्या डोक्यावर पडले तर? वजन तेच, पण वेग ताशी सुमारे ३० किलोमीटर. खालच्या मजल्यांचेही असेच झाले.

'मग विमान न धडकलेली सातवी इमारत?' हा प्रश्न येणारच. ती कित्येक तास विनापाणी जळत होती. तापून प्रसरण पावलेल्या तुळयांनी आतला आधार ढासळला. बाहेरचा सांगाडा सव्वादोन सेकंद अडथळ्याविना पडला, हे सरकारी तपासानेच २००८ मध्ये नोंदवले आहे. तोवर आतले खांब गेलेले होते.

ऐकीव आहे, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. पुराणे आपण त्या कसोटीवर घासतो. मोबाइलवर आलेल्या व्हिडिओला मात्र सूट?

षड्यंत्रच शोधायचे तर मुंब्र्याजवळ शीळफाट्याला चला. ४ एप्रिल २०१३ रोजी तिथली अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे गेली. वर मजले चढत होते आणि खाली कुटुंबे राहत होती. मेलेल्यांत ती बांधणारे मजूर होते, लेकरे होती. गुरुत्वाकर्षण तेच, पण तिथे विमान नव्हते, आगही नव्हती. बिल्डरांसोबत पालिकेचे अधिकारी आणि पोलीसही अटकेत गेले. त्या खटल्याचे पुढे काय झाले, हे आपल्या गटात शेवटचे कोणी आणि कधी विचारले होते?