एक टक्क्याची खोली

मंडळी, 'कॅशलेस' हा शब्द मुळातच फसवा आहे असं माझं आता ठाम मत झालंय. मामांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आमच्या चिखलीकडची माणसं असल्या कामाला संभाजीनगर गाठतात, खामगावकडची अकोला. विमा ३ लाखांचा, हप्ता एकदाही चुकलेला नाही. तरी डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर ५१ हजार मागितले. सोयाबीनचे पैसे नुकतेच आले होते म्हणून निभावलं.

मी बिल घेऊन बसलो. पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा होती, रोज विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३ हजार. भरती करताना "हीच एक रिकामी आहे" म्हणून दिलेली खोली ६ हजारांची. ४ दिवसांचे वरचे १२ हजार आपले, इतपत आम्ही धरून चाललो होतो. पण खोली दुप्पट भाड्याची म्हणून कंपनीनं सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंग हे ७० हजारही निम्मे केले! ३५ हजार तिथेच गेले. उरलेले ४ हजार हातमोजे, नोंदणी वगैरे किडूकमिडूक. औषधं आणि तपासण्या तेवढ्या वाचल्या, कारण त्यांना ही कात्री लावायला विमा नियामक आयआरडीएआयनं २०२० मध्येच बंदी केलीय.

त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे, जी कुणी आपणहून सांगत नाही. खोलीप्रमाणे जे दर बदलत नाहीत, त्या खर्चात अशी कपात करताच येत नाही. जनरल वॉर्डातल्या पेशंटलाही सर्जनची फी तीच असेल तर मामांची निम्मी का कापली? हॉस्पिटलकडे दरपत्रक मागितलं तर "तुमचं बिल भरून झालं ना?" असं उत्तर. दोन फेऱ्यांनंतर मिळालं. सर्जन आणि भूल, दोन्हींचे दर सगळ्या खोल्यांना एकच!

महात्मा फुले योजनेत ही भानगड नसते, पॅकेज ठरलेलं असतं. २०२४ पासून संरक्षणही ५ लाखांचं झालंय, पण हे हॉस्पिटल त्या यादीत नव्हतं. असो.

भरतीच्या वेळी कंपनीचं मंजुरीपत्र येतं. त्यावर "या खोलीमुळे तुमच्या खिशातून अंदाजे एवढे जातील" ही ओळ मोठ्या अक्षरांत का नसावी? हिशेब त्यांना करता येतोच की. पॉलिसी नीट वाचत जा म्हणे... पोटात कळ येत असताना चाळीस पानं कोण वाचतं?

दरपत्रक जोडून कंपनीकडे तक्रार दिलीय. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नाही म्हणाले, तर विमा लोकपाल. बुलढाण्याला पुण्याचं कार्यालय लागतं. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइनही होतो. मामा म्हणतात, जाऊ दे. मामींनी मात्र पावत्यांची फाइल माझ्याकडेच देऊन ठेवलीय.