धडधड

"काही नाही, पित्त झालंय तुला." गेल्या वर्षी रात्री हिच्या छातीत धडधडायचं तेव्हा मी दोनदा हेच म्हणालो. तिसऱ्या वेळी मनगट हातात घेतलं आणि गप्प झालो. दोन ठोके जवळजवळ, मग एक लांब, मग तीन धावत सुटलेले. जन्मभर वर्गात वृत्तं शिकवली, पण घरातली लय बिघडलेली कळली नाही!

दवाखान्यात ईसीजी काढला तर तो नॉर्मल. मी निश्चिंत. पण त्या कागदावर जेमतेम दहा सेकंदांची नोंद असते, तेवढ्यात हृदय शहाण्यासारखं वागलं तर काय दिसणार? पुढे २४ तास होल्टर लावला तेव्हा सापडलं. एट्रियल फिब्रिलेशन.

मंडळी, माझा राग आपल्या 'धडधड' या शब्दावर आहे. एकाच शब्दात आपण सगळं कोंबतो. मध्येच एखादा ठोका लवकर पडतो, मग क्षणभर थांबल्यासारखं होतं, त्याला आपण 'ठोका चुकला' म्हणतो. हृदय धडधाकट असेल तर हा प्रकार बहुधा निरुपद्रवी. कुणाचं हृदय बटण दाबल्यासारखं एकदम दीडशेच्या पुढे धावतं आणि तसंच एकदम थांबतं. कुणाचं फार मंदावतं, मग पेसमेकर लागतो. खालच्या कप्प्यांतून उठणारी वेगवान गडबड मात्र जिवावर बेतू शकते. म्हणून धडधडीबरोबर चक्कर, शुद्ध हरपणं किंवा छातीत दुखणं असेल तर सकाळची वाट बघू नये.

हिच्या आजारात वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. रक्त साकळून गुठळी होते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात. हा धोका सुमारे पाचपट. रक्त पातळ करायची गोळी त्यासाठी असते, ताल सुधारायला नव्हे! हे मला समजायलाच महिना लागला. त्यामुळे "आता बरं वाटतंय ना, मग सोडा की गोळ्या, अ‍ॅस्पिरिन पुरे" असं फोनवर सांगणाऱ्या आपल्याच नातेवाइकांना (ते हे वाचतील, वाचू देत) नम्र विनंती, की या कामाला अ‍ॅस्पिरिन चालत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुटणार नाही.

यावरून आमचं भांडणही झालं, कारण हिलाही ती सोडायचीच होती. असो.

हल्ली रोज सकाळी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर हिची नाडी बघतो. आकडा तर बघतोच, पण ताल आधी. ही म्हणते, "झालं असेल तर चहा टाका."